डब्यात परत ठेवलेला रिले

हे मी देवापुढेसुद्धा कधी पुटपुटले नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या दादाला ओळखत नाही — ओळखत असतात तर सांगितलंच नसतं. मी तेवढी शूर नाही.

सावली गावात रस्त्याला लागून आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. आमचं म्हणजे दादाचं. मी सासरहून कायमची परत आले तेव्हा त्याने एका शब्दाने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात टेस्टर दिला आणि म्हणाला, बस इथं, शिक. बाई जीपखाली झोपून वायर ओढते हे बघायला लोक थांबायचे. दादाला त्याचीच मोठी ऐट. काम करताना तो नाटकातली गाणी म्हणायचा, दातात टेपचा तुकडा धरून, त्यामुळे अर्धे शब्द कळायचेच नाहीत. ते ऐकल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही.

बघा, मी इथंच रेंगाळते आहे. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

एका वर्षी दिवाळीच्या आधी वडसा गावच्या एका नाटक मंडळीची जुनी गाडी आमच्याकडे आली. हिवाळाभर मंडळी जंगलातल्या रस्त्यांनी गावोगाव जाते, रानडुकरं आडवी येतात. म्हणून मालकाला समोर चार जादा दिवे हवे होते, हाय बीम लावला की आपोआप लागणारे. दादाने बोलता बोलता स्टेजवरच्या दिव्यांचा विषय काढला. मालक खूश झाला. म्हणाला, हे दिवे पहिले चार-सहा प्रयोग टिकले तर मग होळीपर्यंत आमच्याबरोबर चल, नाटकाचे दिवे तूच सांभाळ. चाळिशी ओलांडलेला, लग्नाच्या फंदात न पडलेला माझा दादा — त्या दिवशी जेवताना ताटात भाजी वाढून घ्यायलाच विसरला.

होळीपर्यंत म्हणजे किती हो? चार महिने. लोक पोटासाठी याहून लांब जातात. पण मला वाटलं, हा गेला की तिकडचाच होणार. मला तो इथं हवा होता. माझ्याजवळ.

थोडं कामाचं सांगते. जादा दिव्यांना करंट सरळ बॅटरीतून द्यायचा असतो आणि मध्ये रिले बसवायचा — काडेपेटीहून लहान डबी असते ती. हाय बीमची वायर त्या डबीला नुसता इशारा करते, ओझं डबी उचलते. डबी न लावता दिवे थेट हाय बीमच्या वायरीला जोडले, तरी लागतात. झकास लागतात. पण मग सगळं ओझं स्टिअरिंगजवळच्या स्विचवर येतं, तो तापून वितळतो, आणि गाडीचे मूळचे दिवेही जातात. हे मला दादानेच शिकवलं होतं.

दादाने रिले बसवला होता. तो जेवायला घरी गेला तेव्हा मी टेप सोडली. रिले काढला, वायरी थेट जोडल्या, त्याच्याच पद्धतीने टेप पुन्हा गुंडाळली आणि रिले सुट्या भागांच्या डब्यात परत ठेवला. तो आल्यावर आम्ही दिवे लावून पाहिले. चारही लागले. त्याने हसून माझ्या पाठीवर थाप मारली.

अंधारात चालत्या गाडीचे दिवे गेले तर आतल्या माणसांचं काय होतं, हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं.

तिसऱ्याच प्रयोगाला जाताना दिवे गेले आणि गाडी रस्ता सोडून धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरली. मंडळीत नाचणाऱ्या एका बाईचं मनगट मोडलं. तिचा सीझन गेला. मालक गाडी ओढत घेऊन आला आणि दादाला चारचौघांत नाही नाही ते बोलला. दादाने टेप सोडून पाहिली. मग डबा उघडला. त्या गाडीसाठी आणलेला रिले आतच होता. दादाने तो तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"मीच इसरलो, शोभा," तो म्हणाला. "असा कसा इसरलो मी?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी चहा मांडायला आत गेले.

मंडळीने दुसरा माणूस नेला. दादा इथंच आहे, माझ्यापासून चार हातांवर. आणि मला त्याची इतकी आठवण येते — समोर बसलेल्या माणसाची अशी आठवण येते का कुणाला? गाणं त्या दिवसापासून बंद आहे. थंडीत मंडळींच्या गाड्या रस्त्याने जाऊ लागल्या की तो आत जाऊन उगाच काहीतरी शोधत बसतो. आणि ती मनगट मोडलेली बाई? तिला मी भेटायला गेले नाही. तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

आता कुठलंही काम पुरं झालं असं तो स्वतः म्हणत नाही. टेप लावण्याआधी मला हाक मारतो. कालही मारली, एका पिकअपपाशी.

"एकडाव तू पाहून घे, शोभा. माह्या हातावर मले भरोसा नाई."

मी वाकून पाहिलं. सगळं बरोबर होतं. त्याचं कधी चुकलंच नव्हतं. बरोबर आहे दादा, म्हणाले. त्याने मान हलवली आणि मग कुठं टेप गुंडाळायला घेतली.