खोललेली गाडी

दुपारचे अडीच वाजलेत. भाग्यश्री इंगवले पत्र्याच्या शेडमध्ये, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, लाल गाडीत, डावीकडच्या सीटवर बसलीय आणि डोळे मिटायचे नाहीत असं स्वतःला बजावतेय. असं बजावणाऱ्या माणसाला झोप किती लवकर गाठते ते सांगायला नको. ती आली होती गाडीची कागदपत्रं शोधायला. पाच वाजता पुण्याचा एक माणूस क्रेन घेऊन येणार आहे. तो गाडी नेईल आणि सुटी करून तिचे भाग आपल्या दुसऱ्या गाडीला लावेल. बोलावलंय भाग्यश्रीनंच. आईनं विचारलं, "नक्की ना?" तेव्हा ही म्हणाली, "शेड मोकळी होईल." शेडचं निमित्त होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

गाडी जपानी. दोन दारांची, बुटकी, तीस वर्षांपूर्वीची, पळायला केलेली. पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले. बटण दाबलं की वर येतात, एक लगेच आणि दुसरा जरा विचार करून. परदेशातून परतलेल्या कुणा डॉक्टरांनी हौसेनं आणली, मग ती पंधरा वर्षं चिंचेखाली पडून राहिली, मग अण्णांच्या हाती लागली. फौंड्रीतून रिटायर झालेली माणसं कोल्हापुरात सकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारतात. अण्णांनी, म्हणजे दिनकर इंगवल्यांनी, हे आरंभलं.

घरात कामाची वाटणी पक्की होती. नट-बोल्ट अण्णांचे, बोर्ड भाग्यश्रीचे. ती पुढच्या खोलीत लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करते, अण्णा मागच्या शेडमध्ये गाडीखाली झोपायचे. एकमेकांच्या कामात हात घालायचा नाही, आणि दोघांना मिळून एकच कायदा: खोललेली वस्तू दाराबाहेर जात नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, उघडलेलं यंत्र बंद करून, चालवून दाखवूनच द्यायचं.

तिची मान सीटला टेकते. पायाशी सुकटीसारखा वास येतोय. तो वास जुनाच. अण्णांनी तो शेजारच्या मांजरावर ढकलून दिला होता, आणि भाग्यश्री या बाजूला कधी बसलीच नव्हती. पत्र्यावर ऊन तडतडतं. एक हात सीटच्या कडेला लोंबकळतो.

बॉनेट वर उचलल्याचा आवाज होतो.

"काय शोधालीस गं, भाग्या?"

अण्णा बॉनेटमागून डोकावतात. अंगात तीच निळी बनियन, कानावर पेन्सिल. त्यांना जाऊन अकरा महिने झालेत हे भाग्यश्रीला आठवतं, पण ते आत्ता बोलून दाखवणं बरं दिसणार नाही असं तिला वाटतं.

"कागदपत्रं," ती म्हणते.

"आणि माझा दहा नंबरचा पाना? तो घावला?"

"नाही. दोन वर्षं झाली त्याला."

"तुझ्या आईनं नारळ फोडायला नेला असंल," अण्णा म्हणतात आणि हसतात. पाना हरवला की ते पहिला संशय आईवर घेत, दुसरा मांजरावर.

ती उठायला जाते तर समोर डॅशबोर्ड नाही, जेवायचं टेबल आहे. टेबलावर तिचा जुना कॉम्प्युटर उघडा पडलाय आणि अण्णा त्यावर कॉम्प्रेसरची नळी धरून उभे आहेत. हा प्रसंग खरोखर घडलेला आहे. धूळ झाडतो म्हणून त्यांनी गाडीच्या टायरात भरायची हवा आत मारली होती आणि पंख्याची पाती उडून भाताच्या पातेल्यात गेली होती.

"नको, अण्णा! ठेवा ती नळी!"

"बघ. मी तुझ्या कामात हात घातला तर वाट लागली," ते शांतपणे म्हणतात. "आणि तू माझ्या कामात घातलास तेव्हा?"

टेबलाला चाकं लागलेली असतात. टेबलाचा पलंग झालाय, अण्णा त्यावर आडवे आहेत. सलाइनच्या बाटलीत मधासारखं इंजिन ऑइल आहे आणि ते थेंब थेंब उतरतंय. भाग्यश्रीच्या हातात फोन आहे. हा वॉर्ड तिला पाठ आहे. हीच ती जागा, जिथं यायला ती अकरा महिने घाबरतेय.

झालं होतं ते असं. गाडी चालू होईना. जुन्या जपानी गाडीला आपलं दुखणं सांगायची एक रीत असते: दोन पिना तारेनं जोडल्या की डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतो, लांब आणि आखूड, आणि ते मोजून बिघाडाचा नंबर कळतो. अण्णांनी हॉस्पिटलातून फोनवर सगळं समजावून दिलं होतं. भाग्यश्री शेडमध्ये गेली आणि तिच्या धंद्यातली पहिली गोष्ट तिनं सवयीनं केली. कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी करंट तोडायचा. तिनं बॅटरीची वायर काढली. गाडीनं जपून ठेवलेला नंबर त्याच क्षणी पुसला गेला. वायर परत लावली, पिना जोडल्या; दिवा गप्प, इंजिनही गप्प. तेवढ्यात अण्णांचा फोन आला, "झाली का चालू?" आणि ती म्हणाली, "झाली, अण्णा. एका झटक्यात."

चौथ्या दिवशी अण्णा गेले.

"अण्णा, मी खोटं बोलले," ती आता पलंगाशी उभी राहून म्हणते. "गाडी चालू झाली नव्हती. मी बॅटरी काढली. नंबर गेला. तुम्ही विचारलंत आणि माझ्यानं सांगवेना."

"व्हय. ठाऊक आहे की."

"कसं?"

"अगं खुळे, गाडी चालू झाली असती तर तू फोन बॉनेटपाशी धरला असतास. मला आवाज ऐकवल्याबिगर राहिली असतीस व्हय तू?"

भाग्यश्री कपाळावर हात मारते. इतकी साधी गोष्ट. अकरा महिन्यांत तिच्या डोक्यात आली नव्हती.

"मग बोलला का नाहीत?"

अण्णा तेलाच्या बाटलीकडे बघतात. "तुला खोटं बोलायची सवय न्हाई. आवाज कापत होता तुझा. म्हटलं, पोरगी आपल्यासाठी एवढं धाडस करालीय, तर आपण कशाला पकडायचं? त्या रात्री लई दिवसांनी निवांत झोपलो बघ."

"राग नाही आला?"

"आला की. अजून आहे."

ती मान खाली घालते.

"बॅटरीचा. अकरा महिने चार्ज न करता ठेवलीस. मेली असंल ती."

ती रडता रडता हसते. हसताना तिच्या लक्षात येतं की ते दोघं गाडीत बसलेत आणि गाडी पन्हाळ्याच्या घाटात वर चढतेय. अण्णा चालवतायत. इंजिनाचा आवाज मात्र नाही, नुसता वारा. दिवे वर येतात, एक लगेच, दुसरा उशिरानं.

"आवाज नाही येत, अण्णा."

"कसा येईल? डबा उघडलाय का कुणी?"

"कुठला डबा?"

"गाडीचा कॉम्प्युटर गं. तुझ्या पायाशी, गालिच्याखाली. चार नटांवर बसवलाय."

"आठ वर्षं गाडी खोलताय आणि तो डबा उघडला नाहीत?"

अण्णांना हा प्रश्न मुळीच आवडत नाही. "आत बोर्ड आहे," ते म्हणतात. "बोर्ड तुझा. वाट बघत होतो, तू आपणहून कधी म्हणतीस ते."

"आणि मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलावताय त्याची. गाडी तुमची म्हणून मी हात लावला नाही."

"झालं तर मग," अण्णा म्हणतात. "दोघंही शहाणे."

वळणावर सुकटीचा वास जोरात येतो. भाग्यश्री नाक मुरडते आणि एकदम ताठ बसते. हा वास मांजराचा नव्हे. असाच वास तिच्या टेबलावर येतो, जुन्या बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे करंट साठवणाऱ्या बारक्या डब्या, फुटून आतलं पाणी पाझरलं की. तीस वर्षांत पाझरणारच. ते काढून नवे बसवायला तिला एक दुपार पुरते.

"अण्णा, दुखणं डब्यात आहे!"

"मला काय सांगतीस? तुझं खातं."

"पण उघडू कशानं? नट दहाचे असणार. पाना कुठाय?"

अण्णा स्टिअरिंगवरचा एक हात काढून तिच्या सीटच्या कडेकडे बोट करतात. घाट संपत आलाय. वर खूप उजेड आहे.

"अण्णा, पाच वाजता ती माणसं गाडी न्यायला येतायत. मीच बोलावलंय."

"गाडी तुझी," अण्णा म्हणतात. "मी कोण सांगणारा?" मग गिअर बदलत म्हणतात, "पण जरा आवाज ऐकायला आला असता तर बरं झालं असतं."

पत्र्यावर काहीतरी आपटतं. वाळकी काटकी, नाहीतर ते मांजर. भाग्यश्री डोळे उघडते. शेड, ऊन, धूळ. गाल ओले आहेत. डावा हात बधिर झालाय. तो सीट आणि दाराच्या फटीत कोपरापर्यंत अडकलाय आणि बोटांत काहीतरी घट्ट धरलेलं आहे. ती हात सोडवते, मूठ उघडते. दहा नंबरचा पाना. एका टोकाला अण्णांनी लावलेला हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका. इतका वेळ मुठीत आवळला होता, की तळहातावर दहाचा आकडा उलटा उमटलाय.

ती आकड्याकडे बघत राहते. मग वाकून पायाशी असलेला गालिचा उचलते. खाली ॲल्युमिनियमचा चपटा डबा, चार नटांवर. वास भपकन अंगावर येतो.

"भाग्या!" आई मागच्या दारातून हाक मारते. तिच्या हातात भाग्यश्रीचा फोन आहे. "ती पुण्याची माणसं. पेठ नाक्यावर आलीत, पत्ता विचारतायत. काय सांगू?"

भाग्यश्री पाना पहिल्या नटाला लावते. नट गंजलाय, हलत नाही. ती दोन्ही हातांनी जोर लावते. तो करकरतो आणि सुटतो.

"सांग त्यांना," ती म्हणते, "गाडी खोललीय."

या घरात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला तो कायदा कुणी समजावून सांगायची गरज नाही. मग तिचा आवाज येतो, फोनमधल्या माणसाशी, अगदी सौम्य: "अहो, गाडी खोललीय आमची. आता कशी देणार? तुम्हाला हेलपाटा झाला, माफ करा बरं का."

फोन बंद होतो. आई अजून दारातच उभी आहे.

"चहा तिकडंच आणू?"

अण्णा गेल्यापासूनच्या अकरा महिन्यांत हा प्रश्न तिनं कुणालाच विचारला नव्हता.

"आण," भाग्यश्री म्हणते आणि पाना दुसऱ्या नटाला लावते.