दादासाहेब आणि बायांच्या घाटावरची भिंत

माननीय नारायणराव ऊर्फ दादासाहेब खांबेटे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते काशीच्या पंचगंगा घाटावर, गुडघाभर पाण्यात, एका साहेबाशी भांडताना. कार्तिकातली सकाळ होती, नुकते फटफटले होते. आमच्या मराठी आळीतल्या विधवा बाया स्नान उरकून ओल्या आलवणानिशी पायऱ्या चढत होत्या. त्यांत माझी थोरली बहीण अक्काही होती. समोर बजरा, म्हणजे छपराची मोठी नाव, उभा करून दोन साहेब फोटोचा खोका त्यांच्याकडे रोखून बसले होते. मी व्यवसायाने आचारी, शिक्षण मराठी चार इयत्ता. मी काठावरून ओरडलो, पण साहेबांना माझे ओरडणे काय कळणार? तेवढ्यात एक किडकिडीत वकील धोतर सावरत पाण्यात उतरले आणि इंग्रजीत असे काही बोलले की मल्लाहाने न सांगता बजरा वळवला.

मी विचारले, "काय म्हणालात हो त्यांना?"

ते म्हणाले, "पत्ता मागितला. म्हटलं, तुमच्या घरच्या न्हाणीघरासमोर मीही उद्या असाच खोका घेऊन बसतो."

हे वकील म्हणजे दादासाहेब. पुढे ते लखनौला मंत्री झाले, दोनदा झाले, आणि दुसऱ्यांदा सरकारशी पटेना म्हणून आपण होऊन घरी आले. त्यांच्या भाषणांवर आणि कायद्यांवर या गौरवग्रंथात विद्वानांनी लिहिले आहेच. मला त्यातले थोडेच कळते. मला जे कळते ते एका भिंतीविषयी आहे. तेच लिहितो, आणि रागाने लिहितो. संपादक गुरुजींना मी आधीच विचारून घेतले. ते म्हणाले, "तुम्ही लिहा, मी एक ओळ कापणार नाही."

त्या सकाळनंतर महिनाभर आळीतले आम्ही दहा-बारा पुरुष बायांकडे पाठ करून, धोतरांचे पडदे धरून उभे राहत असू. दादासाहेब रोज येत. थंडीने त्यांचे दात वाजत, पण हात खाली येत नसे. कार्तिक संपल्यावर ते म्हणाले, "असं किती वर्षं उभं राहणार? दगडी आडोसाच पाहिजे." आणि तेवढ्यासाठी ते म्युनिसिपल बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहिले.

लोक हसले. बायांना मत नव्हते. समोरचा उमेदवार म्हणे, "वकीलसाब, जिनके लिए दीवार, उनका तो वोटही नहीं!" पण अक्का आणि तिच्या सोबतिणी घरोघर गेल्या. आळीतली बाळंतपणे, आजारपणे, पापड-लोणची सगळी याच बाया करत. अक्काने प्रत्येक उंबऱ्यावर एकच सांगितले, "मत दुसऱ्याला द्यायचं तर द्या. मग सुनेच्या बाळंतपणालाही त्यालाच बोलवा." दादासाहेब निवडून आले.

पुढे भिंतीचा नकाशा मंजुरीला गेला तेव्हा त्या वेळच्या कलेक्टरसाहेबांनी हरकत घेतली की नदीवरून घाटाचे दृश्य बिघडेल. दादासाहेबांनी उत्तर दिले, "साहेबबहादुर, आपल्या बंगल्याच्या कुंपणानं आमच्या रस्त्याचं दृश्य बिघडतं. कुंपण ज्या दिवशी पाडाल त्या दिवशी भिंतीचा हट्ट मी सोडतो." या उत्तरामुळे त्यांची रावबहादुरकी कितीतरी वर्षे अडली असे म्हणतात. भिंत मात्र झाली. वरच्या पायऱ्यांपासून कमरेएवढ्या पाण्यापर्यंत गेलेली, पुरुषभर उंचीची, चुनारी दगडाची भिंत. त्याआधी कोणी बघू नये म्हणून बाया काळोखात उतरत. पावसाळ्यानंतर पायऱ्यांवर गाळ असतो, पाय ठरत नाही. त्या काळोखात आमच्या शेजारच्या दुर्गाकाकू घसरल्या त्या परत वर आल्या नाहीत. भिंत झाल्यावर बाया उजेडात जाऊ लागल्या. नवख्या माणसाला ती नुसती भिंत दिसते, म्हणून हे सांगावे लागते.

दादासाहेब मंत्री झाल्यावर दर आश्विनात लखनौहून मला कार्ड येई. त्यात एकच ओळ, "गणपतराव, भिंतीआडचा गाळ निघाला का?" अख्ख्या प्रांताचा कारभार ज्यांच्या टेबलावर, ते मला गाळाचे विचारत. एका वर्षी मी उत्तर पाठवायला विसरलो. आठव्या दिवशी ते स्वतः हजर, स्टेशनवरून थेट घाटावर. अधिकारी मंडळी छत्र्या घेऊन मागे उभी, आणि मंत्री पायऱ्यांवर वाकून बोटाने गाळ बघत आहेत! मला सर्वांसमक्ष बोलले. बोलले ते बरोबरच होते.

माझाही त्यांच्यावर एक राग आहे. माझ्या मुलाला त्यांच्या खात्यात चिकटवण्यासाठी मी चिठ्ठी मागितली होती. ते म्हणाले, "तुमच्या मुलाला चिठ्ठी दिली तर ज्याला नाही मिळाली त्याच्या बापाला मी काय तोंड दाखवू?" मी दोन वर्षे त्यांच्या घरी पाऊल टाकले नाही. पण त्या दोन वर्षांत काशीला आले की दर रविवारी ते मुलाला बोलावून इंग्रजी शिकवत, आणि मी रागावलो आहे म्हणून त्याला मागच्या दाराने घरी पाठवत. मुलगा त्या खात्याच्या परीक्षेत नापासच झाला. आज तो शाळेत मास्तर आहे आणि माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त मानतो.

आता खरी गोष्ट. दादासाहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त सत्कार समितीने घाटावर खांबांवर घुमट असलेली संगमरवरी छत्री उभारायचे ठरवले आहे. त्यावर त्यांचे नाव कोरायचे. गव्हर्नरसाहेब नावेतून येऊन उद्घाटन करणार. छत्री नदीवरून दिसावी म्हणून मधली भिंत पाडायची. मी समितीच्या चिटणिसांकडे गेलो. ते आमच्याच आळीतले, तरुण वकील आहेत.

"काका, त्या पुरानी दीवारचं काय एवढं? दृश्य किती खुलेल!"

"आणि बाया?"

"आता म्हाताऱ्यांना कोण बघतंय, काका? जमाना बदल गया."

म्हणजे कलेक्टरसाहेबांचेच वाक्य, या वेळी धोतर नेसून आले. मी म्हणालो, "तुझा जन्म अक्काच्या हातावर झाला रे! तेव्हा जमाना कुठला होता?" त्यांनी चहा मागवला. मी घेतला नाही.

भिंत दादासाहेबांच्या खटपटीने झाली, म्हणून त्यांच्या लेखी संमतीवाचून तिला हात लावायचा नाही, असे बोर्डातल्या मंडळींनी ठरवले आहे. संमतीचा कागद सहीसाठी त्यांच्याकडे आहे. मी तडक त्यांच्या घरी गेलो. कागद मेजावर चष्म्याखाली होता. सही झालेली नव्हती, पण फाडलेलाही नव्हता.

मी म्हणालो, "दादासाहेब, अजून हा घरात कसा?"

ते म्हणाले, "गणपतराव, लोकांनी प्रेमानं केलंय. या वयात कुणाचं मन मोडवत नाही. बायांची काही सोय करूच."

ज्यांनी कलेक्टरसाहेबांचे मन मोडले, माझे मोडले, त्यांना आज चिटणिसांचे मोडवत नाही! मी नमस्कारही न करता उठलो. त्याची क्षमा मी येथे मागतो. रागाची मागत नाही.

अक्का आता ऐंशीच्या घरात आहे. तिचे कार्तिकस्नान कधी चुकलेले नाही. भिंतीचे ऐकून ती म्हणाली, "नाही तर नाही. काळोखात उरकून येईन." तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. त्या पायऱ्या मला माहीत आहेत आणि माझी बहीणही माहीत आहे. ती नक्की जाईल.

दादासाहेबांचा सत्कार आहे, मी त्यावर लिहितो आहे, तुझ्याकडून काय लिहू, असे मी तिला विचारले. ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला म्हणावं, शंभर वर्षं जग. भिंत झाली त्या सालापासून आम्ही सगळ्याजणी रोज एक बुडी त्याच्या नावानं जास्त मारतो. आधी आपली, मग मेलेल्या माणसांची, मग नारायणाची."

इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हते. दादासाहेबांनाही नसणार, कारण भिंतीपलीकडे काय चालते ते आम्ही पुरुषांनी कधी पाहिले नाही. मी ते सर्वांसमोर येथे लिहून ठेवतो. हा ग्रंथ दादासाहेबांच्या हाती पडेल तेव्हा सभा भरलेली असेल आणि कागद त्यांच्या खिशात असेल. गंगामाईने त्यांना शतायुषी करावे, डोळे, पाय आणि आवाज शाबूत ठेवावेत. हे मागणे मागायला आठ-दहा म्हाताऱ्या येत्या कार्तिकातही पाण्यात उतरणार आहेत. त्यांनी उजेडात उतरायचे की काळोखात, एवढेच दादासाहेबांनी त्या सभेत उभे राहून सांगावे.