जयरामचे रंगलेले ओठ

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट कळत नाही.

मी महाडच्या एमआयडीसीत ऑपरेटर. आमच्याकडे अ‍ॅनिलिन असतं. त्यापासून रंग होतात, रबराची रसायनं होतात, औषधंही. तेलकट, कुजक्या मासळीच्या वासाचं. अंगावर पडलं तर आग होत नाही — तिथेच माणूस फसतो. कातडीतून रक्तात शिरतं, मग रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, ओठ निळे पडतात. म्हणून शिफ्ट सुटताना दवाखान्यातल्या सिस्टर सगळ्यांचे ओठ बघतात. नव्या माणसांना हे सगळं शिकवायचं कुणी? मीच.

जयराम माझा हेल्पर, पोलादपूरकडच्या वाडीतला. मला दादा म्हणायचा. एका दुपारी पंपाजवळच्या जोडातून त्याच्या पँटवर फवारा उडाला. त्या जोडाचं गॅस्केट, गळती अडवणारी चकती, मी बदलायचं होतं — न बदलताच बदललं म्हणून सांगितलं होतं. अंगावर काही सांडलं तर धुवायला तिथेच शॉवर असतो; जयराम तिकडे धावला. शॉवर सुरू झाला की अलार्म वाजतो, मग चौकशी. मी त्याचा दंड धरला.

"काय व्हत नाय रे. पुसून टाक."

त्यानं पुसलं. शिफ्ट सुटायच्या वेळी त्याचे ओठ — दिसले मला. काय केलं मी? गेटवरून लपवून आणलेलं पान त्याला दिलं. कात जास्त घातलेलं. लालभडक तोंडानं तो सिस्टरपुढून निघून गेला. तिच्या मागच्या कपाटात या विषावरचं इंजेक्शन होतं, आणि आम्ही बसमध्ये चढलो.

बसमध्ये तो कोसळला. मीच त्याला उचलून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला विचारलं, अंगावर काही सांडलं होतं का? मी म्हटलं, ऊन लागलंय. खरं काय ते त्यांनी रक्ताच्या चॉकलेटी रंगावरून ओळखलं, पण फार उशिरा.

जयराम जगला. हात कापतात, शब्द सापडत नाहीत, स्वतःच्या शेताची वाट चुकतो. ती दुपार त्याला आठवतच नाही. चौकशीत त्याच्याच निष्काळजीपणावर बोट ठेवलं गेलं. मीही होकाराची मान डोलावली.

आणि त्या घरात मी देवमाणूस! नाही गेलो तर निरोप येतो. गेलो की त्याची बायको म्हणते, "भावजी, तुमी व्हता म्हणून ह्ये हायेत." कुठे पळू? नोकरीही तीच, त्याच पंपाजवळ.

जेवण झालं की जयराम स्वतः माझ्यासाठी पान लावतो. चुना सांडतो, पण दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. मी खातो. तो माझ्या ओठांकडे बघत राहतो, आणि रंगले की हसतो.