पुठ्ठ्याच्या आडोशामागची बाई

सत्तरच्या दशकातली एक निवडणूक. मी शहरातल्या महाल भागातला मास्तर, पारशिवनीजवळच्या एका गावात मतदान केंद्रावर ड्युटीला होतो. दुपारी एक शेतमजूर बाई आली. बोटाला शाई लावून, मतपत्रिका घेऊन पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली आणि बाहेरच येईना.

गावच्या मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा, माणूस उमेदवाराचा एजंट म्हणून बसला होता. त्याची चुळबुळ सुरू झाली. "आमच्या इथली मतं एकगठ्ठा पडतात, मास्तर. जरा पाहा ना जाऊन."

रांगही कुरकुरू लागली. मी उठलो, दोन पावलं गेलो. आडोशाखाली तिचे भेगाळलेले पाय दिसले. एका पायावर दुसरा घासत ती उभी होती. मी परत येऊन बसलो, पण माझंही कामात लक्ष लागेना.

अखेर ती आली. मतपत्रिका पेटीत टाकली.

"काहून एवढा वेळ लावला वं?" एजंटनं दरडावलं.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "कोणाले द्याचं ते साऱ्याइनं सांगतलं, साहेब. मी मले इचारून राहिली होती."

आणि ती शेताकडे निघून गेली. मी स्वतःला असं कधीच विचारलं नव्हतं. एजंट मात्र संध्याकाळपर्यंत पेटीकडे बघत राहिला. तिचं मत कुठलं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.