पत्राची मागची बाजू

कोणतंही पत्र हातात आलं की चाचा ते आधी उलटून बघायचे. "कामाचं मागंच लिवलेलं असतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या पत्रांच्या मागे काहीच नसायचं. पुढेही फारसं नसायचं. ती मीच लिहायचो, म्हणून खात्रीनं सांगतो.

पाय आखडलेल्या मुलांना व्यायाम देणारं आमच्या संस्थेचं एक केंद्र हिंगोलीत होतं. चाचा त्याची गाडी चालवत. दर बुधवारी ते जवळा बाजारच्या कडुलिंबाखालून मुलांना आणि त्यांच्या आयांना घेऊन यायचे, संध्याकाळी परत सोडायचे. त्यांत शेळ्या राखणाऱ्या घरातली सहा वर्षांची एक पोरगी होती. दोन वर्षांच्या व्यायामानं ती भिंत धरून उभी राहायला लागली होती. खंड पडला तर पाय पुन्हा आखडतील, असं डॉक्टर दर खेपेला बजावायचे.

मग मुख्य कार्यालयातल्या एका बड्या साहेबांविरुद्ध तक्रार झाली. चौकशी बसली, केंद्राला कुलूप लागलं आणि वरून आदेश आला की गावात कुणी काही बोलायचं नाही. निवेदन मी लिहिलं. त्यात 'पारदर्शकता' तीनदा होती. केंद्र बंद आहे, हे एकदाही नव्हतं.

चाचांनी ते उलटून बघितलं. "साहेब, बुधवारी गाडी जाणार का न्हाई, तेवढं सांगा."

"चाचा, प्रक्रिया सुरू आहे."

"बराबर. पण गाडी सुरू हाय का?"

बुधवारी ते एसटीनं जवळा बाजारला गेले आणि झाडाखाली बसलेल्या बायांना सांगून आले, "गाडी येणार न्हाई. लेकरं घेऊन उन्हात बसू नका."

चार दिवसांत त्यांना कामावरून काढल्याचं पत्र निघालं. कारण : 'अनधिकृत संवाद'. तेही मीच लिहिलं. चाचांनी ते उलटलं, माझं पेन मागितलं आणि कोऱ्या बाजूवर सावकाश लिहिलं : गुडघा धरून पाय हळू सरळ करायचा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. रडली तर थांबायचं.

"व्यायाम चालायचा तवा दारात बसून बसून पाठ झालंय," ते म्हणाले. "त्या पोरीच्या आईला वाचून दाखवा. मी उद्यापासून ट्रकवर, हैदराबाद साइडला."

पुढच्या बुधवारी मी गेलो. पोरीला मांडीवर घेऊन ती बाई झाडाखाली बसलेलीच होती.

"गाडी येणार नाही, असं चाचा म्हणाले ना तुम्हाला?" मी विचारलं.

"चाचा म्हणले. पर हापिसानं कुठं न्हाई म्हणलंय?"

मी वाचून दाखवलं. तिनं मान डोलावत ऐकलं, पोरीच्या गुडघ्यावर हात ठेवून बघितला. मग कागद माझ्या हातातून घेऊन उलटला. छापील मजकूर खालपर्यंत भरला होता.

"ह्या बाजूला काय लिवलंय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मंग एवढं काहून लिवलंय?"