पाणथळीत उतरलेलं आभाळ

लेकीनं पल्लीकरणैच्या पाणथळीचा फोटो काढला होता: लालभडक संध्याकाळ, काळपट लव्हाळी, पाण्यात चार पांढरे पेलिकन. त्याची भिंतीवर टांगायची गोधडी करायचं ठरलं आणि मी लगेच यादी केली. फोटो मोठा छापणे, आकार गिरवणे, कापड धुणे, कापणे, शिवणे.

नवऱ्याच्या जुन्या वेष्टीचे, म्हणजे पांढऱ्या धोतराचे, पेलिकन झाले, माझ्या ओढणीची लव्हाळी. आभाळाचा लाल मात्र कुठेच मिळेना. नुंगंबाक्कमच्या दोन दुकानांतून हात हलवत परत आले, तेव्हा सासूबाईंनी कपाटातून एक किरमिजी सुती साडी काढली. त्या तंजावरच्या. साडी त्यांच्या आईनं दिलेली. माहेरची तेवढी एकच वस्तू आता उरली होती.

"काप," म्हणाल्या. "कपाटात कोण बघतंय? भिंतीवर रोज दिसेल तरी."

मी कापली. धुतलं मात्र फक्त विकत आणलेलं अस्तराचं कापड. गोधडीला जुनेर लागतं आणि जुनेर म्हणजे शंभरदा धुऊन मऊ झालेलं, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं. चाळीस वर्षांच्या साडीचा रंग आता काय जाणार?

शिवण संपल्यावर आखणीच्या निळ्या रेघा घालवायला गोधडी ओली केली आणि पाच मिनिटांत आभाळ पाण्यात उतरलं.

लेक डोकावली. "आई, पेलिकनचे फ्लेमिंगो झाले की गं!"

मला हसू येईना. तिच्यामागे सासूबाई उभ्या होत्या.

"अहो आई, ही साडी कधी धुतलीच नव्हती?"

"नेसलेच नाही, तर धुऊ कशाला? दिली आणि महिन्याभरात आई गेली. घडी मोडवेना." त्यांनी पुढे होऊन ओल्या पेलिकनला बोट लावलं. मग एकदम ओरडल्या, "अय्यो, उभी काय राहिलीस? वाळला तर बसेल तो रंग. नळ सोड!"

मोठ्या टबात कोमट पाणी, त्यात भांड्यांचा पातळ साबण. सासूबाई बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसल्या आणि पाणी कधी बदलायचं ते सांगू लागल्या. पहिलं पाणी सरबतासारखं लाल. तिसरं गुलाबी. चौथंही गुलाबीच, तेव्हा माझा धीर सुटला. सातव्या पाण्यानंतर त्यांनी आपला पांढरा रुमाल एका पेलिकनवर दाबला, उचलला, उजेडात धरला.

"कोरा," म्हणाल्या.

मी आधी आभाळ बघितलं. शिवण शाबूत होती. रंग थोडा उतरला होता, पण किरमिजी तो किरमिजीच. सासूबाईंनी त्याच्यावरून अंगठा फिरवला.

"आईला रंगातलं काही म्हणजे काही कळायचं नाही. साडी फार भडक होती. आता बरी दिसते."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि हसत सुटले. त्याही हसल्या, डोळे पुसत.