धाकटीच्या टोपलीतला गणवेश

थोरलीच्या धुण्याला नावं ठेवणारा माणूस त्या घरात अजून जन्माला यायचा होता. गच्चीवर तिचे कपडे वाळत पडले की शेजारणी हातातलं काम टाकून बघत राहत. पांढरं म्हणजे पांढरं! मशीनच्या गोल बटणाभोवती डझनभर खुणा होत्या, पण थोरलीच्या लेखी त्यातली एकच खरी होती: साठ अंशांचं गरम पाणी, दोन तास दहा मिनिटं. चादरी, मोजे, नवऱ्याचे शर्ट, लेकीचा शाळेचा गणवेश, सगळे एकाच घाण्यात. सासऱ्यांची लोकरीची टोपी त्यातून बाहुलीच्या मापाची होऊन निघाली, तेव्हा दोष टोपीच्या जातीला मिळाला. पावडर ती मापानं घालत नसे, मनानं घाले, आणि मन मोठं होतं. नवरा एकदा त्या बटणाला बोट लावायला गेला, तर "तुमचं ऑफिस सांभाळा तुम्ही" एवढं ऐकून मुकाट परत आला.

दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ घरात आली. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. कपडा उलटा करायचा, शिवण बघायची, आतलं लेबल वाचायचं, हाच तिचा दिवसभराचा उद्योग, आणि घरी आल्यावरही ती खोड जात नसे. पहिल्याच रविवारी तिनं चार शर्ट उलटे केले आणि बुचकळ्यात पडली.

"वहिनी, यातली लेबलं कुठे गेली?"

"कापली."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. लेकीला मानेला टोचायची."

लेक पंधरा वर्षांची. तिच्या मानेवर आणि काखेत कायम लाल चट्टे असत, खाज सुटे. थोरलीनं आधी तिच्या कपड्यांची लेबलं कापली, मग कात्री हातात आहेच म्हणून घरभराच्या कपड्यांची. तरी खाज थांबेना, तेव्हा तिनं पावडर वाढवली. मळच राहत असणार, दुसरं काय!

धाकटीनं स्वतःची वेगळी टोपली आणली. गडद कपडे उलटे करून थंड पाण्यात, टॉवेल चाळीसवर, झुळझुळीत कपडे नाजूकवर आणि कमी पिळून. मशीन अर्धंच भरायचं, पावडर दोन चमचे, आणि शेवटी एक बटण दाबून कपडे आणखी एकदा खंगाळून घ्यायचे. थोरली दारातून बघे आणि मनात म्हणे, हे काय धुणं? ही तर कपड्यांची मनधरणी.

एकदा लेकीचा गणवेश चुकून त्या टोपलीत गेला. पुढच्या आठवड्यात लेकीनं तो मुद्दाम टाकला. मग मोजे गेले, मग झोपायचे कपडे. महिन्याभरात मानेवरचे चट्टे फिके पडले, आणि थोरलीच्या टोपलीत लेकीचा साधा रुमालही येईनासा झाला.

कुणी तिला काही सांगितलं नाही, विचारलंही नाही. तेच तिला जास्त झोंबलं. नवऱ्यानं धाकटीच्या हातच्या चहाचं कौतुक केलं होतं, ते तिनं गिळलं होतं. सासरे फिरायला जाताना धाकटीला हाक मारायचे, तेही तिनं चालवून घेतलं. पण पोटची पोर? नऊ महिने मी वाहिलं आणि हिचे मोजे त्या काल आलेलीच्या टोपलीत? थोरलीला मत्सर वाटत होता, त्याला दुसरं गोड नाव नव्हतं, आणि ती शोधतही नव्हती.

मंगळवारी धाकटी कामावर गेल्यावर तिनं त्या टोपलीतून लेकीचे कपडे उचलले. साठ अंश, दोन तास दहा मिनिटं, पावडरीची मूठ सढळ. वाळल्यावर धाकटी घालते तशी, बाह्या मागे दुमडून घडी घातली आणि लेकीच्या कपाटात ठेवून दिली. लेक तो गणवेश घालून शाळेत गेली, तेव्हा थोरलीला इतकं बरं वाटलं की तिनं शुक्रवारीही तेच केलं. पुढच्या मंगळवारीही.

बुधवारी संध्याकाळी लेक मान खाजवत स्वयंपाकघरात आली. धाकटी नुकतीच घरी आली होती. थोरली भाजी चिरत होती.

"काकू, तू काही बदललंस का गं? परत सुरू झालंय."

धाकटीनं गणवेशाची कॉलर दोन बोटांत चोळली. हा हात रोज शेकडो कॉलरी तपासणारा. कापडात पावडर राहिली होती, तिला कळलं. तिनं एकदा थोरलीकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"पावडर जास्त पडली असेल. माझंच चुकलं."

थोरलीचा नुसता जळफळाट झाला. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात थोरलीचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. पण नाही! मोठेपणाही हिनंच घ्यायचा!

"असू दे काकू," लेक म्हणाली. "उद्यापासून माझे कपडे मीच धुईन. कुणालाच नको त्रास."

लेक गेली. थोरलीची सुरी थांबली. धाकटीकडून हिसकावून घ्यायला निघालेली ती, आता हिसकावायलाही काही उरणार नव्हतं. ती हात न पुसताच लेकीच्या मागे खोलीत गेली.

"काकूनं नाही, मी धुतले. तीनही वेळा."

"तू? आणि ते लपवून?"

"तुझे कपडे मी धुवायचे असतात."

लेकीनं कॉलर मानेपासून दूर ओढली. मग म्हणाली, "मला वाटायचं, कपडे टोचतातच. सगळ्यांना."

"मग काकूनं धुतल्यावर कळलं ना? तेव्हा तरी मला सांगायचंस."

"कसं सांगणार, आई? तू इतक्या मनापासून धुवायचीस."

थोरली दारातच उभी राहिली. धाकटीला हाक मारणं तिच्या अगदी जिवावर आलं होतं, आणि आवाजातली धारही गेली नव्हती.

"अगं, मशीनपाशी ये जरा. ते शेवटचं बटण कुठलं दाबतेस, दाखव मला."